डोळे दाखवायला आलो, लघवी कशाला तपासायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण हा प्रश्न माझ्या ओपीडीत रोजचाच आहे. ड्रॉप टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) पाहिला, आणि चिठ्ठीवर लिहिलं काय, तर लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) आणि बीपी. "डॉक्टर, तक्रार डोळ्यांची आहे. मध्येच किडनी कुठून आली?" डॉक्टर उगाच तपासण्या वाढवतात असं काहींना वाटतं. तसं वाटण्यात त्यांची चूक नाही, कारण दोन्हींचा संबंध कुणी नीट सांगतच नाही.

आधी मला काय दिसतं ते सांगतो. पडद्याच्या नारिंगी रंगावर, मागच्या नसेच्या फिकट चकतीतून रक्तवाहिन्या निघतात आणि चहूकडे फांद्या फुटत जातात. रोहिण्या बारीक आणि उजळ, नीला जाडसर आणि गडद. जाडीचं प्रमाण साधारण २:३. जिथे रोहिणी नीलेवरून जाते तिथे दोघींवर मिळून एकच आवरण असतं. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की रोहिणीची भिंत जाड होते, तिच्यावर तांब्याच्या तारेची चकाकी येते आणि फुलीच्या जागी खालची नीला दबते. इतकी, की दोन्हीकडून निमुळती होत ती मध्येच तुटल्यासारखी भासते. हे दिसत असताना समोरचा माणूस सांगत असतो, "मला बीपी नाही." शेवटचं कधी मोजलं होतं, ते मात्र आठवत नसतं.

आता किडनी. एकेका किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुंता. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा या दोन किडन्यांकडे जातो. बीपी आणि साखर जिथे बारीक वाहिन्यांना पोखरतात, तिथे हे गुंते वाचणार कसे? मधुमेहात पडद्यातल्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, भिंतीचं अस्तर जाड होतं तरी ते गळकं होतं. मग रक्ताचे ठिपके आणि चरबीचे पिवळट कण पडद्यावर साचतात. किडनीतही अस्तर जाड होतं, गाळणीच्या पेशी गळून पडतात आणि रक्तात राहायला हवं ते अल्ब्युमिन लघवीत उतरतं. नुकसान एकाच जातीचं आहे. फरक एवढाच, की पडदा मला दिव्याच्या उजेडात दिसतो आणि किडनीतला गुंता पाहायचा तर बायोप्सीची सुई घालावी लागते.

याहून थेट पुरावा हवा असेल तर अल्पोर्ट सिंड्रोम हा आनुवंशिक आजार पाहा. त्यात चौथ्या प्रकारचं कोलॅजन, म्हणजे अस्तराला आधार देणारं प्रथिन, जन्मतःच सदोष असतं. किडनीची गाळणी, कानाचा आतला भाग, डोळ्यातल्या भिंगाचं आवरण, सगळीकडे तेच कोलॅजन. म्हणून किडनी निकामी होणं, ऐकू कमी येणं आणि भिंग पुढे शंकूसारखं येणं हे एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकतं.

ही काही नवी कल्पना नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्यात पाहायचं उपकरण जगापुढे आणलं, आणि त्याच दशकात किडनीच्या रोग्यांच्या पडद्यावरच्या खुणा नोंदवल्या जाऊ लागल्या. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर या डॉक्टरांनी बीपीच्या रोग्यांचे पडद्यावरून, सौम्य ते गंभीर असे, चार गट पाडले. पहिल्या गटातले सुमारे ७० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, चौथ्यातले अवघे ६ टक्के. बीपीवर धड औषधं नव्हती तेव्हाची ही गोष्ट, पण पडदा पाहून आयुष्याचा अंदाज येत होता.

इथे एक गैरसमज मात्र खोडतो. बुबुळाच्या रंगीत भागावरचे डाग बघून किडनी ओळखतो म्हणणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही. १९७९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची परीक्षा छापून आली: १४३ जणांच्या बुबुळांचे फोटो, त्यांतल्या ४८ जणांना किडनीचा आजार. कुणाची किडनी बिघडली आहे, हे त्या जाणकारांना ओळखता आलं नाही. मी बोलतोय ते बुबुळाबद्दल नाही, डोळ्याच्या मागच्या पडद्याबद्दल. हल्ली पडद्याच्या फोटोवरून किडनीच्या आजाराचा अंदाज बांधणारे संगणकी प्रोग्रॅमही आले आहेत. २०२० मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी तसं काम प्रसिद्ध केलं. चांगलं आहे, पण माझ्या मते लघवीची साधी तपासणी होत असताना त्यावर विसंबायची गरज नाही.

पुढचा प्रश्न हमखास येतो: "पडदा चांगला आहे, म्हणजे किडनी चांगली ना?" नाही. टाइप २ मधुमेहात पडदा स्वच्छ असूनही लघवीतून प्रथिनं जात असतील, तर उलट किडनीचे डॉक्टर सावध होतात. कारण मधुमेहाशिवाय दुसरंच काही असू शकतं. आणि बिघडलेली किडनी डोळ्यावरही उलटते. अंगात पाणी साठतं, बीपी चढतं, पडद्याच्या मध्यभागी सूज येते. काहींची ती सूज डोळ्यातल्या इंजेक्शनांना दाद देत नाही आणि डायलिसिसने अंगातलं पाणी उतरल्यावर ओसरते.

राहिलं क्रिएटिनिन. "ते नॉर्मल आहे" म्हणून पुष्कळ जण निर्धास्त असतात, पण किडनीची निम्म्याच्या आसपास क्षमता जाईपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. म्हणून मी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतल्या या दोन्हींचं प्रमाण, लिहितो. सकाळची पहिली लघवी द्या. आकडा ३० च्या आत (मिलिग्रॅम/ग्रॅम) असेल तर ठीक. वर असेल तर लगेच घाबरू नका. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम यांनीही तो चढतो. पुढच्या तीन ते सहा महिन्यांत आणखी दोनदा तपासा. तीनांपैकी दोन नमुन्यांत वाढलेला आला, तर रिपोर्ट घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे जा आणि माझी चिठ्ठीही सोबत न्या; पडद्यावर काय दिसलं ते त्यांना लागतंच.