मशिनी दोन, ऊन एकच

आमच्या डाळ मिलच्या ऑफिसात तिजोरीशेजारी एक लोखंडी कपाट आहे. वरच्या खणात ओलावा मोजायचं यंत्र, नमुन्यांच्या पुड्या, बाजार समितीच्या पावत्या. खालच्या दोन खणांत पुस्तकं. एमआयडीसीतली नवी पोरं चहाला येतात, कपाटाकडे बघतात आणि विचारतात, "भाऊ, यातलं नेमकं कोणतं वाचू?" कुणाला नेतृत्वावरचं हवं असतं, कुणाला व्यवस्थापनावरचं, बहुतेकांना लवकर श्रीमंत करणारं. मी यादी देत नाही. यातल्या काही पुस्तकांनी मिल तारली, एकाने जवळपास बुडवली, आणि बरीचशी नुसती धूळ खात पडली आहेत. त्यामुळे मिलचीच गोष्ट सांगतो, पुस्तकं ओघाने येतील.

अण्णांनी १९८९ साली जळगावात ही मिल टाकली. त्याआधी ते दाणा बाजारात एका आडतीवर दिवाणजी होते. सुरुवातीला एक रोल, म्हणजे टरफल काढायचं यंत्र, एक चाळणी, मागे फरशी घातलेलं वाळवणाचं पटांगण आणि सात माणसं. अण्णांची पुस्तकं दोनच : रोजमेळ आणि दासबोध. मी कॉलेज सोडून मिलमध्ये बसलो तेव्हा वाटलं, आता भाव कसा काढायचा, तूर कशी पारखायची हे शिकवतील. त्यांनी पहिला महिनाभर अक्षर गिरवायला लावलं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं असावं, सुटं असावं, ओळी सरळ असाव्यात, असं समर्थ बारकाईने सांगतात. मला ते फार जुनाट वाटलं. मग एकदा माझ्या हातच्या गेटपासवर ११ पोती की १९, यावरून हमालांच्या मुकादमाशी तासभर जुंपली. माझा १ आणि ९ सारखाच दिसत होता. आठ पोत्यांचा फटका बसला आणि तो समास मी पुन्हा काढून वाचला. मॅनेजमेंटचं माझं पहिलं पुस्तक कोणतं विचाराल तर तेच.

अण्णा गेल्यावर कारभार अंगावर आला आणि मी पुस्तकांच्या नादी लागलो. भुसावळ जंक्शनवर गाडीची वाट पाहताना स्टॉलवर ती मांडलेली असायची, यश, श्रीमंती, प्रभाव अशा मोठ्या अक्षरांतली. पहिलं घेतलं ते डेल कार्नेगींचं, १९३६ सालचं, माणसं जिंकण्यावरचं. माणसांची नावं लक्षात ठेवा, टीका करू नका, मनापासून कौतुक करा. मी 'मनापासून' हा शब्द सोडून बाकी सगळं उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळणीवरच्या माणसाला म्हणालो, वा, काय सुंदर चाळतोस! दुपारपर्यंत पाच जणांचं कौतुक करून झालं होतं. संध्याकाळी पोत्यांच्या थप्पीमागून आवाज आला, "भाऊले आज काय हुयनं?" आणि सगळे खदखदा हसले. पुस्तक वाईट नाही. पण ते वाचून लगेच मिलमध्ये जाऊ नये, चार दिवस मुरू द्यावं.

२०११ मध्ये मी दुसरा रोल घेतला. डाळ मिलबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. तूर आधी चाळायची, दाणा लहानमोठा निवडायचा. मग एमरीच्या, म्हणजे खरखरीत दगडाच्या, रोलवर तिला ओरखडा द्यायचा, म्हणजे टरफलाला फट पडते. मग तेल लावायचं, वाळवायचं, पाणी मारायचं, रात्रभर ढीग घालून ठेवायचं, पुन्हा वाळवायचं, आणि मग परत रोलवर. तेव्हा कुठे टरफल सुटतं, दाणा फुटतो आणि फटका डाळ पडते. १०० किलो तुरीमागे ७० ते ७५ किलो डाळ निघाली तर उतारा बरा समजायचा. बाकी चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, आणि टरफल ढोरांच्या पेंडीला जातं.

माझा हिशोब सरळ होता : रोल दुप्पट म्हणजे डाळ दुप्पट. बँकेचं कर्ज काढलं, मशीनची पूजा केली, पेढे वाटले. महिनाअखेर पाहिलं तर डाळ तेवढीच. उलट मिलभर अर्धवट मालाचे ढीग साचले होते, चालायला जागा नव्हती. मी रोज कुणावर तरी ओरडायचो. वाळवणावर पारोळ्याकडच्या एक मावशी होत्या, अजूनही आहेत. अक्षरओळख नाही. एक दिवस मी ओरडत असताना त्या हातातला फावडा टेकवून शांतपणे म्हणाल्या, "मशिनी दोन शेतस, पन ऊन ते एकच शे ना भाऊ."

तेव्हा मला ते उर्मट वाटलं. वर्षभराने एका मित्राने एलियाहू गोल्डरॅट यांचं 'द गोल' वाचायला दिलं. गोल्डरॅट इस्रायलचे, मूळचे पदार्थविज्ञानाचे माणूस. १९८४ साली आलेलं हे पुस्तक कादंबरीसारखं आहे. एका बुडत्या कारखान्याचा मॅनेजर आणि त्याचा मोडत आलेला संसार, दोन्ही त्यात आहेत. माझं इंग्रजी बेतास बात, शेजारी शब्दकोश घेऊन रात्री चार-पाच पानं व्हायची. त्यात मुलांची एक पायी सहल आहे. रांग सारखी लांबत जाते, कारण मधला एक जाडसर मुलगा हळू चालतो. मॅनेजर त्याला सगळ्यांच्या पुढे आणतो आणि त्याची पाठपिशवी उघडतो, तर आत लोखंडी तवासुद्धा! ओझं सगळ्यांत वाटून घेतल्यावर अख्खी रांग झपाझप चालू लागते. हे वाचलं आणि रात्री साडेबाराला मी अंथरुणात उठून बसलो. आमच्या रांगेतला तो मुलगा म्हणजे मागचं पटांगण होतं, आणि हे मावशींनी मला वर्षभर आधी फुकटात सांगितलं होतं.

पुढचं काम बिनखर्चाचं होतं. जिथं माल तुंबतो तिथला एक तासही वाया जाऊ द्यायचा नाही. आमच्याकडे सकाळी नऊला पहिलं वाळवण पडायचं, ते साडेसहाला पडू लागलं. आधी ओरखड्यानंतरचा माल जसा येईल तसा पटांगणात जायचा आणि बारीक दाणा, माती, तुकडे वाळल्यावर निवडले जायचे. म्हणजे आम्ही मातीही उन्हात वाळवत होतो! ती चाळणी पटांगणाच्या आधी आणली. आणि सगळ्यात जड गेलं ते म्हणजे, पटांगण भरलेलं असताना रोल बंद ठेवायचा. लाखो रुपयांचं मशीन उभं आणि माणूस विडी ओढतोय, हे बघवत नव्हतं. पण ढीग ओसरले आणि त्याच उन्हात रोजची वीस-पंचवीस पोती वाढली. जून ते सप्टेंबरचा प्रश्न मात्र पुस्तकाने सुटणारा नव्हता. त्यासाठी २०१४ मध्ये गरम हवेचा ड्रायर घ्यावाच लागला. उन्हाळ्यात मात्र आम्ही अजून पटांगणच वापरतो. जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हाचं बिल येत नाही.

आता बुडवणारं पुस्तक. २०१५ च्या दिवाळीआधी तूरडाळ किलोला दोनशेपर्यंत गेली होती हे सगळ्यांना आठवत असेल. मी त्या तेजीत कमावलं आणि डोकं फिरलं. त्याच सुमारास नेपोलियन हिल यांचं १९३७ चं ते प्रसिद्ध 'थिंक अँड ग्रो रिच' हातात पडलं. हवी ती रक्कम कागदावर लिहा, रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना मोठ्याने वाचा, ती मिळाल्याची खात्री बाळगा. मी रक्कम लिहिली. बायको म्हणायची, हळू वाचा, शेजारी ऐकतील. जून २०१६ मध्ये क्विंटलला नऊ हजारांच्या घरातली तूर मी साठ्याच्या नियमात बसेल तेवढी भरली. तेजी येणार याची मला खात्री होती, कारण खात्री बाळगायला पुस्तकाने सांगितलं होतं. ॲग्रोवनमध्ये तुरीचा पेरा वाढल्याच्या बातम्या रोज छापून येत होत्या, पाऊसही चांगला होता. मी त्या वाचत होतो आणि पान उलटत होतो. नवी तूर आली आणि भाव ५०५० च्या हमीभावाच्याही खाली घसरला. २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांपुढे शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांचे हाल पाहिले की आपलं रडगाणं गावंसं वाटत नसे, पण तोटा भरून काढायला मला चार वर्षं लागली.

त्या चार वर्षांत यशस्वी कंपन्यांच्या गोष्टींवरचाही माझा विश्वास जरा उडाला. जिम कॉलिन्स यांच्या 'गुड टू ग्रेट'मध्ये २००१ साली अकरा कंपन्या थोर म्हणून निवडल्या होत्या. त्यातल्या सर्किट सिटीने २००८ मध्ये दिवाळं काढलं. पुस्तकात विचार करण्यासारखं बरंच आहे, पण आज जिंकलेल्याकडे पाहून तो का जिंकला हे सांगणं सोपं असतं. आपल्याकडेही तसंच होतं. अमळनेरचं नाव निघालं की लोक १९४५ साली तिथे सुरू झालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याची विप्रो कशी झाली ते सांगतात, आणि जळगावात जैन इरिगेशनवाल्या, वाकोदच्या भवरलाल जैनांनी सात हजारांच्या भांडवलावर रॉकेल विकायला सुरुवात केली तिथून गोष्ट चालू होते. दोन्ही खऱ्या, दोन्ही ऐकाव्यात. पण त्याच सुमारास सात हजार घेऊन बसलेले आणि बंद पडलेले किती, त्यांचं चरित्र कुणी लिहीत नाही. मला ते वाचायला आवडलं असतं.

२०१८ मध्ये एक बोल्ट तुरीबरोबर रोलमध्ये गेला आणि एमरीचा तुकडा उडाला. सुदैवाने कुणाला लागला नाही. रोलच्या आधी चुंबक असतं, लोखंड त्याला चिकटतं. पण ते पुसायचं कुणी, हे ठरलेलंच नव्हतं. तेव्हा अतुल गवांदे यांचं 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' वाचलं. गवांदे अमेरिकेतले सर्जन, वडील मूळचे विदर्भातले, उमरखेडकडचे. १९३५ साली अमेरिकेत बॉम्बर विमानाच्या चाचणीत निष्णात वैमानिक असूनही विमान कोसळलं, आणि त्यातून वैमानिकांची तपासणी-यादी आली, ती हकीकत त्यात आहे. माणूस अडाणी म्हणून चुकतो असं नाही, रोजचं काम म्हणूनही चुकतो. मी मोठ्या उत्साहाने ३२ कलमांची यादी केली, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग पुस्तक परत उघडलं. त्यात यादी छोटी ठेवा असं स्पष्ट सांगितलं आहे, ते मी गाळून वाचलं होतं. आता सहा कलमं आहेत, रंगीत चित्रांत, स्विचच्या वर. पहिलं चित्र चुंबकाचं.

आणि नेतृत्वावर एकच वाचायचं असेल तर ते पुस्तकही नाही, पत्र आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेलं. ते मी शाळेत ऐकलं होतं, नीट वाचलं पन्नाशीत. दाणावैरण आत्ताच बेहिशोबी संपवलीत तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेच्या दाराशी जाल, कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी भाजी, आणि लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर अजून बारीक. गवताच्या लगत आगट्या, म्हणजे शेकोट्या, करू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी जळतील. एवढा मोठा राजा उंदरापर्यंत विचार करतो! बारदानाच्या गोडाऊनमध्ये मी तोवर देवापुढे रात्रभर समई ठेवत होतो. दुसऱ्या दिवशी ती काढली आणि छोटा बल्ब लावला. पत्राची प्रत ऑफिसात लावली आहे. मुकादम ती नव्या माणसांना वाचून दाखवतो, भाजीच्या ठिकाणी आवाज चढवतो.

राहता राहिले व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर. 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह', १९६६. त्यांचं म्हणणं, वेळ कुठे जातो हे आठवणीवर सांगू नका, तिथल्या तिथे लिहून ठेवा. मी तीन आठवडे डायरीत लिहिलं. दिवसाचे जवळजवळ चार तास आडत्यांशी भावावर बोलण्यात जात होते, आणि त्यातल्या दहा फोनांपैकी नऊ फोनांवर सौदा होत नव्हता. तो वेळ दीड तासावर आणला. आपण सुधारलो, अशी माझी समजूत झाली.

मुलगी २०२२ पासून मिलमध्ये येते. तिने 'द गोल' माझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट वाचलं आणि वही घेऊन आठवडाभर मिलभर फिरली. माल आता पटांगणावर तुंबत नाही, ड्रायरवरही नाही. तिला वाटलं, पोती शिवण्याच्या मशीनवर असावा. शेवटी ती मावशींकडे गेली. मावशींनी गेटजवळ उभ्या असलेल्या भरल्या ट्रककडे हात केला, मग माझ्या केबिनकडे.

"आते तुना पप्पानी सहीकरता माल थांबेल शे."

गेटपासचं पुस्तक त्याच दिवशी मी मुलीकडे दिलं. तिजोरीच्या चाव्या अजून माझ्याकडे आहेत.