तुम्ही विचारलंत म्हणून: कुणाचा नळ कधी सुटणार?

पाणीपुरवठ्याच्या जाळ्याची मॉडेलं करतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कोण किती वाजता नळ सोडणार, हे तुम्हाला आधीच कसं कळतं हो?"

एका घराचं कळत नाहीच. हजार घरांची बेरीज मात्र बरीच शिस्तीत वागते. म्हणून माणशी दिवसाला 135 लिटर धरायचे, त्यावरून प्रत्येक नोडची (म्हणजे मॉडेलमध्ये नळ्या जिथे जुळतात त्या बिंदूची) सरासरी मागणी काढायची आणि तासातासाला तिला एका आकड्याने गुणायचं: पहाटे तीनला समजा 0.3, सकाळी सातला 1.8. इपानेट हे सॉफ्टवेअर 1993 पासून हेच करत आलंय. वस्ती जितकी लहान, तितकं मागणीचं शिखर उंच, कारण सगळे एकदम आंघोळीला जातात. आपल्याकडच्या केंद्रीय नियमावलीत 50 हजारांपर्यंतच्या वस्तीला सरासरीच्या तिप्पट शिखर धरतात, दोन लाखांवर गेलं की दुप्पट.

हे सगळं नळाला कायम पाणी असेल तिथलं. पुण्यात जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तिथे आलेख लोकांच्या तहानेपेक्षा चावीवाल्याच्या वेळापत्रकावर हलतो. पाणी सुटलं की सोसायटीची जमिनीखालची टाकी ओढू लागते आणि बॉल वर येईपर्यंत थांबत नाही. घरात त्या वेळी कुणी एक तांब्याही वापरत नसेल! टाकीत किती पडणार हे दाबावर ठरतं, आणि तेही वर्गमुळाच्या हिशोबाने: दाब चौपट झाला तर ओघ दुप्पट. त्यामुळे उताराकडची टाकी आधी भरते, चढावरचे लोक फोन करत बसतात. अशा भागात पाठ्यपुस्तकातला गुणक वापरला तर मॉडेल छान दिसतं आणि खोटं बोलतं. मी तिथे टाक्याच मॉडेलमध्ये घालतो आणि दाबावर चालणारी मागणी धरतो. ती सोय इपानेटमध्ये 2020 च्या आवृत्तीत आली, तोवर जुगाडच होता.

गुरुवार तर वेगळाच. दुरुस्तीसाठी पाणी बंद, "शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने" ही सूचना पुणेकरांना पाठ आहे. उशीर रिकाम्या नळ्या भरण्यात जातो. कमी दाब मात्र बराचसा आपल्या टाक्यांमुळे, कारण त्या सगळ्या एकदम रिकाम्या असतात. त्यामुळे शुक्रवारचा आलेख मी वेगळा काढतो.