तुम्ही विचारलंत म्हणून: मग वहिनी काय करतात?

प्रश्न ठरलेला आहे. ऑफिसात डबा उघडला की कुणीतरी भाकरीचा पापुद्रा उचलून बघतं आणि विचारतं, "या तुम्ही थापता? मग वहिनी काय करतात?" थोडे जवळचे असले तर आवाज खाली आणून, "तब्येत बरी असते ना त्यांची?"

बरी असते. ती स्टाफ नर्स आहे, मॉर्निंग असली की साडेसहाला घर सोडते. वीस वर्षं मी हेच सांगत आलो. खोटं काही नाही त्यात. पण तिला सुट्टी असते, ती पेपर वाचत बसलेली असते, तेव्हाही ओट्याशी मीच असतो, एवढं मात्र मी गाळतो. ड्युटी म्हटलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. बिचाऱ्यावर वेळ आली, असा चेहरा करतात. मीही तो करू देतो.

मला आवडतं म्हणून करतो. झालं?

आणि रोज काय विशेष करता, असं विचारू नका. विशेष कसलं? मटकीची उसळ, मेथीची गोळाभाजी, भाजी संपली की पिठलं, पावसात कधी हुलग्याचे शेंगोळे. माझं गाव बार्शी तालुक्यातलं, त्यामुळे शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला नसला तर मला ओटा ओकाबोका वाटतो. भाकरी मात्र रोज. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं आणि माझ्या डब्याला अचानक मान आला. त्याआधी "तुमच्याकडे पोळ्या होत नाहीत का?" हा आणखी एक प्रश्न असायचा.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. आधणाचं पाणी घालून एका वेळी एकाच भाकरीचं पीठ रगडून मळायचं. थापताना कड फाटली तर मळण्यात कसूर झाली, नाहीतर पीठ जुनं होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. क्षणभर उशीर झाला की भेग पडते, मग ती फुगत नाही. हे सगळं मला आईने शिकवलेलं नाही. लग्नानंतर दोन वर्षांत पीठ वाया घालवत शिकलो. बायको रत्नागिरीकडची. तिचा हात तांदळाच्या भाकरीचा, तोही माहेरी कधीमधी.

आता ते सांगतो, जे आजवर कुणाला सांगितलं नाही.

२००७ साली अण्णा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. आठ दिवस. बायकोने रजा काढली. एरवी ड्युटीमुळे ती बांगड्या घालत नाही, पण सासरे येणार म्हणून दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. अण्णा यायच्या आदल्या रात्री मी तिला म्हणालो, "आठच दिवस. तू नुसती ओट्याशी उभी राहा, मी करतो. वाढायचं तू." ती हसली, म्हणून मला वाटलं चाललं तिला.

चाललंही चार-पाच दिवस. अण्णा काळा चष्मा लावून बाहेरच्या खोलीत खाटेवर. स्वयंपाकघराचं दार मी ओढून घ्यायचो. जेवताना अण्णा म्हणायचे, "सूनबाई कोकणातली, पण भाकरी आपल्याकडची करती." ती मान खाली घालून वाढायची आणि मी "हो ना" म्हणायचो. माझ्याच भाकरीचं कौतुक तिच्या नावावर ऐकताना मला गंमत वाटत होती, हेही लिहून टाकतो.

सहाव्या दिवशी अण्णा पाणी प्यायला म्हणून स्वतः उठून आले. दार उघडलं तेव्हा परात माझ्यापुढे होती, अर्धी थापलेली भाकरी तिच्यात. मी परात तिच्याकडे सरकवली. विचार करून नाही, हातच गेला. पाठ फिरवून नळाखाली हात धरले.

तिने थापायला घेतली. कड फाटली, तिने ती चिमटीने जोडली, पुन्हा फाटली. तव्यावर टाकताना भाकरीचे दोन तुकडे झाले. अण्णा दारातच उभे होते. ती कपाळापर्यंत लाल झाली होती. दहा जणांच्या वॉर्डात पेशंट सांभाळणारी बाई, एका भाकरीसाठी.

अण्णा म्हणाले, "आसू दे. पिठाची विरी गेली आसंल." पीठ आदल्या संध्याकाळी गिरणीतून आणलेलं होतं. अण्णांनीच आणलेली मालदांडी ज्वारी. जेवायला त्यांनी तेच तुकडे मागून घेतले, दुधात कुस्करले.

रात्री ती एवढंच म्हणाली, "भाकरी मोडली त्याचं काही नाही. तू परात सरकवलीस." त्यानंतर आजतागायत तिने परातीला हात लावलेला नाही.

अण्णांना स्वारगेटला सोडायला गेलो. गाडी लागायची होती. ते मधेच म्हणाले, "भाकरी करताना सूनबाई बांगड्या काढून ठेवती का रं?" मी म्हणालो, "हो, काढून ठेवते." घरी येऊन संध्याकाळी भाकरी थापायला बसलो तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आमच्या घरी आईच्या थापण्याबरोबर बांगड्या वाजायच्या. इथे आठ दिवस नुसती थाप ऐकू येत होती.

म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं? की खरंच साधा प्रश्न होता? २०१४ साली अण्णा गेले. तोवर गावी गेलो की ज्वारीचं पोतं माझ्याच खांद्यावर द्यायचे. आता पोतं दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर देणार? तरी मी त्यातही अर्थ काढत बसतो.

तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो. म्हणतो, म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशनच्या आठवड्यात कशाला धक्का द्यायचा? मला ते अर्धं पटतं. उरलेलं अर्धं विचारतं, धक्का कुणाला बसणार होता?

आणि फार कौतुकही नको. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाली, करणाऱ्या पुरुषांची ९७. मी ते बायकोला वाचून दाखवलं आणि ऐटीत माझी १३० मोजली. ती म्हणाली, "भांडी धरलीस का त्यात?" भांडी ती घासते. गॅसची शेगडीही तीच पुसते. तिला ते कधी कुणी विचारत नाही.

परवा पाहुणे होते. जेवून उठताना एकजण तिला म्हणाले, "वहिनी, भाकरी काय झाली होती!" ती म्हणाली, "मला काय सांगता, ह्याला सांगा." दर वेळी असंच म्हणते. मी मात्र ती ते म्हणेपर्यंत ताटातल्या खरकट्यावरून बोट फिरवत बसून राहतो.