योकिचच्या पायांकडे पाहा

रविवार

डेन्व्हर या अमेरिकन बास्केटबॉल संघाचा घरचा सामना तिकडे संध्याकाळी सातला असला, की आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. तिकडची घड्याळं उन्हाळ्यासाठी पुढे सरकली की साडेसहा. एवढ्या सकाळी टीव्ही लावायचाच, तर त्यांच्या निकोला योकिचच्या हातातल्या चेंडूपेक्षा त्याच्या पायांवर नजर ठेवावी. उंची २११ सेंटिमीटर, वजन सव्वाशे किलोच्या वर, आणि उडी नावापुरती. २०२१, २०२२ आणि २०२४ असं तीनदा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य बास्केटबॉल लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस. 'हळू आहे, तरी भारी खेळतो' असं त्याच्याबद्दल सर्रास म्हणतात. त्यातला 'तरी' मला खटकतो. ब्लॉक करणारा, म्हणजे शॉट हवेतच अडवणारा, समोरच्याच्या उडीवर आपली उडी बेततो. इथे उडीच नाही, मग बेतणार कशावर?

सोमवार

मूळ सोंबोरचा, म्हणजे उत्तर सर्बियातल्या व्होय्वोदिनाचा. २०१२ मध्ये मेगा या बेलग्रेडच्या क्लबात आला तेव्हा अंगाने थुलथुलीत. दिवसाला तीन लिटर कोक पीत असे, हे त्यानेच सांगितलंय. तिथे प्रशिक्षक मिळाला देयान मिलोयेविच. तो स्वतः जेमतेम २०१ सेंटिमीटरचा, तरी रिंगखाली खेळून तीनदा एड्रियाटिक लीगचा (तिकडच्या शेजारी देशांच्या क्लबांची लीग) सर्वोत्तम खेळाडू झालेला. उंचीपेक्षा जागा आणि वेळ कशी पकडायची हे ज्याला ठाऊक, असा गुरू भेटणं हा नशिबाचा भाग. मिलोयेविच जानेवारी २०२४ मध्ये गेला, गोल्डन स्टेट या एनबीए संघाचा सहायक प्रशिक्षक असताना.

२०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, डेन्व्हरने योकिचला ४१ वा निवडला. नाव झळकलं तेव्हा अमेरिकन वाहिनीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती. तो लगेच गेला नाही. आणखी एक वर्ष मेगाकडेच राहिला, २०१५ मध्ये एड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम ठरला आणि मग विमानात बसला. माझ्या मते हेच वर्ष कामाचं. अमेरिकेत बाकावर बसून काढलं असतं, तर चेंडू इतका वेळ हातात मिळाला नसता.

बुधवार

१५ डिसेंबर २०१६. त्या मोसमाच्या सुरुवातीला डेन्व्हरचा प्रशिक्षक माइक मलोन नुर्किच आणि योकिच या दोन्ही सेंटरना (रिंगजवळ खेळणारे उंच खेळाडू) एकत्र उतरवत होता. दोघे धिप्पाड रिंगजवळ उभे, त्यांना अडवणारे समोरचे दोन रक्षकही तिथेच. गार्डने, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्या छोट्या खेळाडूने, आत घुसायचं कुठून? योकिचने आपण होऊन बाकावर बसायची तयारी दाखवली. त्या १५ तारखेपासून मात्र संघ त्याच्याभोवती रचला गेला, आणि फेब्रुवारीत नुर्किच पोर्टलंडला गेला.

रचना अशी. फ्री थ्रोची रेष रंगीत चौकटीला मिळते त्या कोपऱ्यावर, म्हणजे एल्बोवर, योकिच रिंगकडे पाठ करून चेंडू घेतो. डेन्व्हरचा गार्ड जमाल मरे धावत येतो आणि त्याच्या हातातून चेंडू उचलतो. मरेचा रक्षक मागे लागून आला, तर मरे थेट आत. योकिचच्या पलीकडून वळसा घालून गेला, तर मरे तिथूनच शॉट मारतो. रक्षकांनी अदलाबदल केली, तर योकिचच्या अंगावर छोटा गार्ड येतो. दोघेही मरेवर धावले, तर चेंडू परत योकिचकडे आणि पुढे चारास तीन. आणि मरे घेणार असं वाटत असतानाच योकिच चेंडू स्वतःकडेच ठेवतो, ही पाचवी वाट. २०२३ च्या फायनलमध्ये मायामीला ४-१ ने हरवलं, त्यात यातलं सगळं सापडेल.

गुरुवार

'सोंबोर शफल', म्हणजे गावाच्या नावाने ओळखला जाणारा योकिचचा खास शॉट. उजव्या हाताचा खेळाडू एका पायावरून शॉट मारतो तेव्हा तो पाय सहसा डावा असतो. योकिच उजव्या पायावरून मागे रेलत मारतो. रक्षकाची सवय दुसऱ्या पायाची, त्यामुळे त्याचा हात अर्ध्या क्षणाने चुकतो. पोरं नक्कल करायला जातात आणि चेंडू रिंगच्या अलीकडेच पडतो. कारण साधं आहे: खांदे पायांच्या फार मागे गेले की पायाचा जोर चेंडूपर्यंत पोचत नाही. योकिच रेलतो, पण चेंडू डोक्यामागून उंच कमानीत सोडतो. उणा पडलेला जोर मनगट भरून काढतं. आधी दोन्ही पायांवरून, रिंगपासून दोन मीटरवर, ही कमान बसवावी. मागे रेलणं नंतर.

शनिवार

७ मार्च २०२५, फिनिक्सविरुद्ध ३१ गुण, २१ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे पकडलेले चेंडू), २२ असिस्ट (ज्यावर बास्केट झाली असे पास). एकाच सामन्यात ३०-२०-२० याआधी कुणालाच जमलं नव्हतं. आणि दोनच महिन्यांनी, १८ मे रोजी, ओक्लाहोमा सिटीत प्लेऑफ मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात डेन्व्हर १२५-९३ असं हरलं.

त्या दिवशी योकिचवर बराच वेळ ओक्लाहोमाचा ॲलेक्स करूसो होता, १९६ सेंटिमीटरचा गार्ड. तो योकिचच्या मागे उभा न राहता पुढे, चेंडूच्या वाटेत उभा राहिला. डोक्यावरून पास टाकावा, तर मागे उंच सेंटर टपलेला, कारण बाहेरून नेम नसलेल्या खेळाडूला त्याने मोकळं सोडलेलं होतं. पाचही वाटा एल्बोवर चेंडू आल्यावर सुरू होतात. इथे चेंडूच आला नाही. यावर उतार एकच दिसतो: कोपऱ्यांत दोन्हीकडे खात्रीचे थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचे शॉट, मारणारे हवेत, म्हणजे त्या सेंटरला आपला माणूस सोडून यायची सोय राहणार नाही.