रुतणारे पेडल: बिघाड मास्टर सिलिंडरचा, कारण माझेच

मागच्या नोंदीत ब्रेक ऑइल बदलल्याची जी बढाई मारली होती, ती आज मागे घ्यावी लागत आहे. ऑइल नवे होते, चारही चाकांच्या निपलमधून (हवा बाहेर काढायच्या तोट्यांमधून) बुडबुड्यांचा मागमूस नव्हता आणि पहिल्या दाबाला पेडल घट्ट लागत होते. तरीही उभ्या गाडीत पेडलवर हलका पाय ठेवून राहिले, की चिखलात पाय रुतावा तसे ते सावकाश खाली जात असे. मदतीला बसलेला धाकटा भाऊ पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, ‘दादा, हे काही थांबत नाही,’ आणि तिथून पुढचे तीन आठवडे या एकाच प्रश्नात गेले.

प्रथम स्पंजी पेडल आणि रुतणारे पेडल यांत गल्लत होणार नाही याची खात्री करून घेतली. पाइपांत हवा असेल तर पेडल लवचिक लागते, पण दाबले तिथे टिकते. मागच्या ड्रमची ॲडजस्टमेंट सैल असेल तर पहिला दाब खोल जातो आणि दुसऱ्या दाबाला पेडल वर येते. एकसारख्या दाबाखाली पेडल खाली सरकत राहते, याचा अर्थ ऑइल कुठून तरी वाट काढते आहे. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक दाबणाऱ्या भागाचे) रबरी बूट उचलून पाहिले, ते कोरडे होते. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबले की पिस्टनने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग. त्याचे दोन नट काढून तो पाइपांसह जरासा पुढे ओढला, तर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरच्या तोंडाशीही ओल नव्हती. ऑइलच्या टाकीवर पट्टी चिकटवून पाच दिवस पातळी पाहिली. तीत केसभरही फरक पडला नाही. म्हणजे गळती होती, पण बाहेर नव्हती.

होस पाइपांना (चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांना) चिमटे लावून एकेक चाक वेगळे करण्याचा विचार होता, पण जुन्या होसवर चिमटा लावणे मला पटत नाही. आतला थर फाटला तर तो एकदिशा झडपेसारखा वागतो आणि चाक अडकून राहते, म्हणजे एक दुखणे काढता काढता दुसरे विकत घेतल्यासारखे. त्याऐवजी मास्टर सिलिंडरचे पाइप काढून त्या जागी बंद प्लग लावायचे ठरवले. पहिली संध्याकाळ फुकट गेली, कारण प्लगचे आटे जुळले तरी टोकाचा आकार आतल्या बैठकीशी जुळत नव्हता आणि ऑइल तिथूनच झिरपत होते. योग्य प्लग मिळाल्यावर मात्र उत्तर स्पष्ट मिळाले: सारी यंत्रणा बाजूला असतानाही पेडल रुतले. शिवाय ते जोरात दाबले तर टिकत होते आणि हलके दाबले तर बुडत होते. जास्त दाबाने पिस्टनवरच्या रबरी कपची कड भिंतीला घट्ट बसते, हलक्या दाबाला ती ढिली राहते. त्यामुळे खूण पक्की झाली. टाकीचे झाकण काढून पाहिले तेव्हा पेडलकडच्या कप्प्यात ऑइलचा बारीक भोवरा फिरताना दिसला. प्रायमरी कप, म्हणजे पेडलकडच्या पिस्टनवरचा दाब धरणारा कप, ओलांडून ऑइल परत टाकीत येत होते.

पाइपचे नट सोडवताना फ्लेअर नट पान्याने (नटाला जवळपास सगळ्या बाजूंनी धरणाऱ्या पान्याने) लाज राखली. साधा उघडा पाना त्या मऊ नटांचे कोपरे खातो, हे मी पूर्वी पैसे मोजून शिकलो आहे. मात्र ऑइलचा एक थेंब मडगार्डवर पडला आणि पुसायला उशीर झाला, तेवढ्या जागेचा रंग गेलाच.

सिलिंडर उघडल्यावर प्रायमरी कपच्या कडेला एक चीर दिसली, आणि सिलिंडरच्या नळीत पिस्टनच्या रोजच्या स्ट्रोकच्या (सरकण्याच्या) पलीकडे खड्ड्यांची करडी पट्टी होती. तिथेच माझी चूक उघडी पडली. रोजच्या वापरात पिस्टन नळीच्या काही भागातच फिरतो, आणि उरलेला भाग ओलावा शोषलेल्या ऑइलमध्ये वर्षानुवर्षे गंजत असतो. हवा काढताना मी भावाला प्रत्येक वेळी पेडल तळाला टेकवायला सांगत होतो. चार चाकांना मिळून साठ-सत्तर वेळा तो कप त्या खरखरीत भागावरून फिरला असेल. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला असता, तर हे सारे टळले असते.

नव्या रबरी भागांचे दुरुस्ती किट बसवायचा बेत होता, आणि किट आलेही होते. पण हा सिलिंडर ॲल्युमिनियमचा आहे. होनिंग केले, म्हणजे नळी आतून घासून गुळगुळीत केली, तर आतला कठीण थर निघून जातो आणि नवा कपही लवकर झिजतो, म्हणून अख्खा नवा सिलिंडरच मागवला. पुरवठादाराने पहिल्यांदा २०.६४ मिमीऐवजी १९.०५ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) पाठवला. ‘तोच आहे, बसेल’ हे त्याचे म्हणणे अर्धे खरे होते, कारण तो बसला असता, पण तेवढेच ऑइल ढकलायला पेडल सुमारे १७ टक्के जास्त सरकले असते. सिलिंडरच्या अंगावर कोरलेला आकडा पाहिल्याशिवाय खोके फाडू नये, असे मी आता ठरवले आहे.

नव्या सिलिंडरमधली हवा तो गाडीवर चढवण्यापूर्वीच, नळ्या टाकीत वळवून छोट्या स्ट्रोकने काढली. बूस्टरच्या दांड्याचे अंतर दोनदा तपासले. दांडा लांब राहिला तर टाकीकडचे छिद्र उघडत नाही आणि ब्रेक धरून राहतात. मग चारही चाकांतली हवा काढली, या वेळी ठोकळ्यासह.

काल रात्री इंजिन चालू ठेवून हलक्या पायाने पेडल दोन मिनिटे दाबून धरले. पेडल हलले नाही. भावाने पेडलशेजारी खडूची खूण करून ठेवली होती, ती पुसायला मी अजून तयार नाही. गाडी मोकळ्या जागेत कमी वेगात थांबवून पाहिली, तिथेही पेडल स्थिर राहिले.

पुढची नोंद खरे तर मागच्या ड्रमवर व्हायची होती. पण हे लिहिता लिहिता लक्षात आले, की क्लचचा मास्टर सिलिंडरही त्याच वयाचा आहे आणि त्याचे पेडलही मी असेच तळापर्यंत दाबून ब्लीड केले होते, म्हणजे हवा काढली होती. त्यामुळे ड्रम थांबतील. फवारणीच्या पंपापासून दाबाने ऑइल ढकलणारे साधन आधी तयार करीन, ते एक बारच्या आसपास ठेवीन, आणि क्लचची तपासणी त्यानेच करीन.