सकाळची मूठ

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात. त्याचं निदान रिपोर्ट वाचून पटत नाही; पटतं ते सकाळी मूठ वळेना तेव्हा. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली, मनगटं धरलेली, शर्टाचं बटण काजात शिरायला तयार नाही. तास-दीड तासाने हात मोकळे होतात आणि दुपारी मन हळूच म्हणतं, 'रिपोर्टच चुकला असणार.' या नाकबुलीला आजाराचं वेळापत्रकच खतपाणी घालतं. दाह पेटवणारी रसायनं पहाटे रक्तात चढलेली असतात, रात्रभर न हललेल्या सांध्यात पाणी साचतं. हालचाल सुरू झाली की ताठरपणा ओसरतो. घरच्यांनाही हा दुपारचाच माणूस दिसतो. 'आता तर बरी दिसतेस की!' यावर चिडचिड होणारच.

औषधाची चाल आणखी निराळी. मेथोट्रेक्सेट या आजारावरचं नेहमीचं औषध; त्याचा गुण दिसायला 6 ते 12 आठवडे लागतात. तोवर सूज दाबायला बऱ्याचदा स्टेरॉइड देतात. त्याने थोड्याच दिवसांत हायसं वाटतं, पण डोस उतरवताना दुखणं पुन्हा डोकं वर काढू शकतं. 'आजार वाढला' म्हणून धीर सुटतो तो इथे, आणि गोळ्या परस्पर बंद होतात त्याही इथेच. धास्तावलेल्या डोक्यात सूचना टिकत नाहीत, म्हणून पाकिटावरच ठळक वार लिहावा: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

इंटरनेटवरचे वाकड्या बोटांचे फोटो मात्र खुशाल बंद करावेत. त्यातले बरेचसे हात वेळेवर उपचार न मिळालेले आहेत.

आजाराचा जोर मोजताना डॉक्टर 28 सांधे दाबून बघतात, रक्तातला दाह तपासतात आणि 100 मिलिमीटरची एक रेघ पुढे करतात: एकूण कसं वाटतंय, तिथे खूण करा. भिडस्त माणसं इथेच घोटाळा करतात. 'ठीक आहे' म्हणत खूण बऱ्या टोकाला सरकवतात, आकडा उतरतो आणि वाढवायला हवा तो डोस आहे तिथेच राहतो. पावलं तर या 28 मध्ये धरलेलीच नाहीत. चवड्याखाली खडे टोचल्यासारखं होत असेल तर आपणच सांगायचं. थकवाही सांगायचा, तो आळस नव्हे. आणि दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, उगाच रडू येत असेल, तर तेही त्याच भेटीत बोलावं. या आजारात नैराश्य बऱ्याच जणांना गाठतं आणि त्यावर वेगळे उपचार आहेत.