ओट्यावरचं वाक्य

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि पेन इंग्रजीच्या सरांपाशीच अडलं. गॅदरिंग, कबड्डीची ढाल, सहली यांवर बाकीचे लिहितीलच.

आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं. आठवीत क्रियाविशेषणं आली. रीती, स्थळ, काळ, वारंवारता, परिमाण असे प्रकार सरांनी एका दमात सांगितले आणि म्हणाले, "हे पाठ कराल, पेपरात लिहाल नि विसराल. चला, ओट्यावर या." पुठ्ठ्याच्या पाट्या गळ्यात अडकवून वाक्य उभं राहिलं: 'ही', 'कम्स', 'लेट'. 'ऑलवेज'ची पाटी मिळाली ती एसटीने येणाऱ्या आणि रोज प्रार्थना चुकवणाऱ्या आमच्या मित्राला! वर्ग खो खो हसला. त्याला 'कम्स'च्या आधी उभं केलं. मग 'कम्स'ला खाली बसवून 'इज' आणला आणि सरांनी मित्राला दंडाला धरून 'इज'च्या पलीकडे नेलं. ही इज ऑलवेज लेट. "इजपुढे याची मिजास चालत नाही," सर म्हणाले.

तेवढ्यात शिपाईमामा नोटिशीची वही घेऊन आले. सरांनी सही केली आणि 'नाउ'ची पाटी त्यांच्याच हातात दिली. मामा रांगेत सुरुवातीला उभे राहिले, मग मधे, मग शेवटी. तिन्ही वेळा वाक्य बरोबर! मामांचा चेहरा असा फुलला होता की पुढच्या वर्गातली नोटीस त्या दिवशी उशिराच पोचली.

'काल शाळेत छान गायली' हे इंग्रजीत नेताना सर म्हणायचे, "शेपटीकडून धरा." शी सँग वेल ॲट स्कूल यस्टरडे. आधी रीत, मग स्थळ, शेवटी काळ. दरवेळी असंच होतं असं नाही, पण आमचं भागलं.

आज मी विम्याच्या कचेरीत पत्रांचे मसुदे तपासतो. 'ओन्ली द नॉमिनी कॅन साइन' म्हणजे सही फक्त नॉमिनीची, पॉलिसीत नेमलेल्या व्यक्तीची, चालेल. 'द नॉमिनी कॅन ओन्ली साइन' म्हणजे बिचाऱ्याने सही करायची, बाकी काही नाही. एका मेहनती सहकाऱ्याच्या प्रशस्तिपत्रात कुणी 'ही वर्क्स हार्डली', म्हणजे 'हा जेमतेमच काम करतो', असं लिहिलं होतं, तेही मीच अडवलं. साहेब अजून त्याचं कौतुक करतात.

पुतणीच्या वहीत क्रियाविशेषणांच्या प्रकारांचा रंगीत तक्ता आहे, सुबक. 'ऑलवेज' कुठे ठेवशील विचारलं, तर गप्प. नव्या इमारतीत वर्गातले ओटे काढून टाकलेत म्हणे. समितीने निदान एका वर्गात ओटा बांधावा. त्याचा खर्च माझ्याकडे.